नाकातील नळी : अन्नाची वाट आणि श्वासाची वाट



रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेरील बाकावर बसलेल्या कुटुंबाला काळाचे भान राहत नाही. आत घरातील वडीलधारी व्यक्ती असते. पक्षाघाताने शुद्ध हरपलेली असते, तोंडावाटे श्वासनलिकेत नळी उतरवलेली असते आणि ती नळी कृत्रिम श्वसनयंत्राला जोडलेली असते. बाहेर पत्नी, मुलगे, सुना, लेकी, जावई ताटकळत असतात. पहिल्या दिवशी सर्वांच्या मनात एकच प्रश्न असतो : 'वाचतील ना?' दुसऱ्या दिवशी त्याला आणखी एक प्रश्न येऊन मिळतो, आणि तो बहुधा घरातील स्त्रीच्या तोंडून येतो : 'काल सकाळपासून त्यांच्या पोटात काही नाही हो!'

त्याच सुमारास परिचारिका बाहेर येऊन सांगते की, नाकातून नळी घालून आहार सुरू करावयाचा आहे. घरच्यांना हायसे वाटते. पोटात अन्न जाणार, म्हणजे शक्ती येणार, म्हणजे माणूस उठून बसणार, असा सरळ हिशेब मनात मांडला जातो. ती नळी कोठून जाते, तिचे टोक कोठे थांबते आणि तिच्याबरोबर कोणता धोका आत शिरू शकतो, हे विचारण्याचे त्या घटकेला कोणालाही सुचत नाही. पाच-सहा दिवसांनी डॉक्टर 'न्यूमोनिया झाला आहे' असे सांगतात, तेव्हा कुटुंब गोंधळून जाते. माणूस मेंदूच्या आजारासाठी दाखल झाला होता, मग छातीचा आजार आला कोठून? आजच्या विषयाचे प्रयोजन या एका प्रश्नात आहे.

घशातील तिठा

निसर्गाने मनुष्यदेहात अन्नाची वाट आणि श्वासाची वाट घशात एकमेकींजवळ आणून ठेवली आहे. पुढे श्वासनलिका आणि तिच्या मागे अन्ननलिका. घास गिळताना श्वासनलिकेचे तोंड क्षणभर झाकले जाते, श्वास थांबतो आणि घास मागील वाटेने खाली उतरतो. चुकून एखादा कण पुढच्या वाटेने गेलाच, तर जोराचा ठसका लागतो. हा ठसका म्हणजे फुप्फुसांचा द्वारपाल होय. निरोगी माणसाला त्याचे महत्त्व कधी जाणवत नाही.

शुद्ध हरपलेल्या, पक्षाघात झालेल्या किंवा गुंगीच्या औषधाखाली असलेल्या रुग्णाचा हा द्वारपाल झोपलेला असतो. त्याला पाणी पाजणे म्हणजे ते फुप्फुसात ओतण्याचा धोका पत्करणे. म्हणूनच शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात प्रेमापोटीसुद्धा दोन चमचे पाणी घालू नये, असे डॉक्टर बजावून सांगतात. त्यावरचा उपाय म्हणून नळीची कल्पना पुढे आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन हंटर यांनी गिळता न येणाऱ्या रुग्णाला ईल माशाच्या कातड्यापासून केलेल्या नळीने अन्न पोहोचवले होते. भारतातील रुग्णालयांत सर्वांच्या तोंडी असलेली 'राइल्स ट्यूब' ही जॉन राइल या विसाव्या शतकातील ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञांच्या नावाने ओळखली जाते. जठरातील रस तपासण्यासाठी वापरात आलेली ही नळी पुढे लाखो रुग्णांच्या आहाराची वाट झाली.

अतिदक्षता विभागाचा इतिहासही फार जुना नाही. १९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. श्वसनाचे स्नायू निकामी झालेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी बसवून रबरी पिशवीने हाताने हवा भरण्याची युक्ती ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरांनी सुचवली. वैद्यकीय विद्यार्थी आळीपाळीने रात्रंदिवस रुग्णांच्या उशाशी बसून ती पिशवी दाबीत राहिले. त्या साथीच्या अनुभवातून आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्म झाला. मात्र श्वास कृत्रिम झाला की अन्नही कृत्रिम वाटेनेच द्यावे लागते, आणि या दोन नळ्या एकाच घशात शेजारी-शेजारी नांदू लागतात. प्रश्नाची सुरुवात तेथे होते.

फुप्फुसात जंतू कसे पोहोचतात

श्वसनयंत्रावर ४८ तासांहून अधिक काळ असलेल्या रुग्णाला नव्याने होणाऱ्या न्यूमोनियाला 'व्हेंटिलेटरशी निगडित न्यूमोनिया' असे म्हणतात. श्वासनलिकेतील नळीभोवती एक छोटा फुगा असतो. तो फुगवला की नळी घट्ट बसते. परंतु हा फुगा म्हणजे पाण्याच्या टाकीची झडप नव्हे. तोंडातील लाळ आणि पोटातून वर आलेला द्रव फुग्याच्या वर साठत राहतो आणि फुग्याच्या सुरकुत्यांमधून थेंबाथेंबाने खाली झिरपतो. त्या थेंबात तोंडातील व घशातील असंख्य जंतू असतात.

येथे नाकातील नळीचा संबंध येतो. अन्ननलिका जेथे जठराला मिळते, तेथे स्नायूंचे एक वर्तुळ असते. एरवी ते मिटलेले असते व पोटातील अन्न वर येऊ देत नाही. नळी त्यातून गेली की ते पूर्ण मिटत नाही. त्यातच रुग्ण पाठीवर सपाट झोपवलेला असेल, गंभीर आजाराने जठराची हालचाल मंदावली असेल आणि वरून आहार चालूच असेल, तर पोटातील द्रव घशापर्यंत चढतो आणि तेथून फुप्फुसात शिरण्याची संधी शोधतो.

यावर कोणी म्हणेल, मग नळी घालूच नये, सलाइनवर ठेवावे. हा विचार वरवर सोपा वाटतो. परंतु साधे सलाइन म्हणजे आहार नव्हे. त्यातून पाणी, क्षार आणि फार तर थोडी साखर मिळते. गंभीर आजारात शरीर स्वतःच्या स्नायूंतील प्रथिने वेगाने खर्च करते. जमा काहीच नाही आणि खर्च मात्र चालू, अशी त्याची अवस्था होते. शिवाय आतड्याला काम मिळाले नाही तर त्याचे अस्तर दुबळे होते. म्हणून प्रकृती स्थिर होताच पहिल्या २४ ते ४८ तासांत नळीने आहार सुरू करावा, असे अमेरिकेतील व युरोपातील तज्ज्ञसंस्थांचे मार्गदर्शन आहे. रक्तदाब अजून सावरला नसेल, तर मात्र डॉक्टर थांबतात. फ्रान्समध्ये श्वसनयंत्रावर असलेल्या व रक्तदाब औषधांवर टिकवलेल्या २४१० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा अवस्थेत लवकर नळीने पूर्ण आहार देण्याने मृत्यू कमी झाले नाहीत. उलट आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचे प्रसंग शिरेवाटे पोषण दिलेल्यांपेक्षा अधिक आढळले. म्हणून 'आज आहार सुरू केला नाही' याचा अर्थ दरवेळी हलगर्जीपणा असा होत नाही, हे नातेवाइकांनी ध्यानात ठेवावे.

पहिली कसोटी : नळी आहे कोठे?

नळी घालण्यापूर्वी नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तेथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत अंतर मोजतात. प्रौढ माणसात नळी साधारणपणे ५० ते ६० सेंटिमीटर आत जाते. कापड मोजताना गजावर नजर असते तशी येथे नळीवरील खुणांवर नजर असावी लागते. परंतु लांबी बरोबर आली म्हणजे वाट बरोबर लागली असे नव्हे. शुद्धीवर असलेल्या माणसाची नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर तो खोकून बेजार होतो. बेशुद्ध रुग्ण मात्र काहीच सांगत नाही. तशा नळीतून आहार सोडला तर तो थेट फुप्फुसात जातो. असा अपघात प्राणघातक ठरू शकतो.

पूर्वी पिचकारीने नळीत हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप ठेवीत आणि गुडगुड आवाज ऐकू आला की नळी जठरात आहे असे मानीत. हा आवाज फसवा असतो. टोक फुप्फुसात असले तरी तो ऐकू येऊ शकतो. म्हणून ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००५ साली सूचना काढून या पद्धतीवर विसंबू नये असे बजावले. नळीतून ओढलेल्या द्रवाची आम्लता विशिष्ट पट्टीने तपासावी आणि सामू ५.५ किंवा त्याहून कमी असेल तरच आहार द्यावा. द्रव निघाला नाही किंवा शंका असली तर छातीचा एक्स-रे काढावा, असा नियम तेथे झाला. आम्ल कमी करणारी औषधे चालू असतील तर पट्टीचा निकाल संदिग्ध येतो, तेव्हा एक्स-रेचाच आधार घ्यावा लागतो. आणि तो एक्स-रे जाणकार डोळ्यांनी पाहावा लागतो. कारण काढलेला एक्स-रे चुकीचा वाचला गेल्यानेही अपघात घडले आहेत.

तेव्हा आहार सुरू होण्यापूर्वी घरच्यांपैकी कोणी नम्रपणे विचारले, 'नळीची जागा एक्स-रेने पाहिली का?' तर तो डॉक्टरांवरचा अविश्वास मानण्याचे कारण नाही. चांगल्या विभागात त्या प्रश्नाचे उत्तर तयारच असते.

दुसरी कसोटी : टोक जठरात की आतड्यात?

नळी योग्य वाटेने उतरली, तरी तिचे टोक कोठे थांबवावे याबद्दल तज्ज्ञांत दीर्घकाळ चर्चा झाली. टोक जठरात ठेवणे सोपे. रुग्णाच्या खाटेजवळच हे काम काही मिनिटांत होते. टोक जठराच्या पुढे लहान आतड्यात नेले, तर आहार वर उलटण्याची शक्यता कमी व्हावी, हा तर्क सरळ आहे. परंतु ते काम कठीण असते. कधी दुर्बिणीची, कधी एक्स-रे यंत्राची मदत घ्यावी लागते, अनुभवी हात लागतो आणि त्यात वेळ जातो.

तर्क अनुभवाच्या कसोटीला कितपत उतरतो? ऑस्ट्रेलियातील १७ अतिदक्षता विभागांत १८१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे जठर मंदावले होते अशा रुग्णांपैकी काहींची नळी आतड्यात नेली आणि काहींची जठरातच ठेवली. न्यूमोनियाचे प्रमाण एका गटात २० टक्के व दुसऱ्यात २१ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. उलट २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने १४ अभ्यासांतील ११०९ रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा आतड्यात आहार दिलेल्या गटात न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. मात्र मृत्यूच्या प्रमाणात आणि श्वसनयंत्रावरील दिवसांत स्पष्ट फरक दिसला नाही.

या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून व्यवहारी मार्ग निघाला आहे. बहुतेक रुग्णांत आहार जठरातूनच सुरू करावा. आतड्यातील नळीसाठी थांबून आहार लांबवू नये. ज्यांना वारंवार उलट्या होतात, औषधे देऊनही ज्यांचे जठर रिकामे होत नाही किंवा ज्यांच्या फुप्फुसात द्रव जाण्याचा धोका विशेष मोठा आहे, अशांसाठी आतड्यातील नळीचा विचार करावा. शेजारच्या खाटेवरील रुग्णाला 'लांब नळी' घातली आणि आपल्या माणसाला 'साधी', म्हणून त्याच्यावर अन्याय झाला, असे मानण्याचे कारण नाही.

उशाची उंची

या सर्व शास्त्रीय चर्चेत एक उपाय असा आहे की ज्याला पैसा लागत नाही. तो म्हणजे खाटेचा उशाकडील भाग वर उचलून ठेवणे. स्पेनमधील बार्सिलोना येथे ८६ रुग्णांवर झालेला अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सपाट झोपवलेल्यांपैकी ३४ टक्के रुग्णांत न्यूमोनियाची लक्षणे आढळली. ४५ अंशांत टेकून ठेवलेल्यांत हे प्रमाण केवळ ८ टक्के होते. सर्वांत वाईट स्थिती कोणाची? जे सपाट झोपलेले होते आणि ज्यांना त्याच स्थितीत नळीने आहार चालू होता, अशा २८ पैकी १४ जणांना न्यूमोनिया झाला. म्हणजे निम्म्यांना.

पुढे नेदरलँड्समध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळाच धडा मिळाला. तेथे ४५ अंशांचा कोन ठरवला होता. मोजमाप केले तेव्हा तो टिकतच नव्हता, सरासरी कोन ३० अंशांच्याही खाली राहिला आणि दोन्ही गटांतील न्यूमोनियात फरक दिसला नाही. अंथरूण बदलताना, अंग पुसताना, एक्स-रे काढताना खाट सपाट होते आणि पुन्हा वर करण्याचे राहून जाते. नियम भिंतीवर लिहिलेला असतो; पाळणारा हात मात्र दर तासाला जागा असावा लागतो. म्हणून आज ३० ते ४५ अंश असे मार्गदर्शन केले जाते. पाठीच्या कण्याची दुखापत किंवा तत्सम अडचण नसेल, तर भेटीच्या वेळी आत गेलेल्या नातेवाइकाने खाट सपाट दिसल्यास परिचारिकेच्या लक्षात आणून द्यावे. स्वतः खाट हलवू नये. नळ्या निसटण्याचा धोका असतो.

पूर्वी दर काही तासांनी जठरात शिल्लक राहिलेला द्रव पिचकारीने ओढून मोजीत आणि तो थोडा जास्त निघाला की आहार बंद करीत. फ्रान्समधील ९ विभागांत ४४९ रुग्णांवर झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असे मोजमाप न केलेल्यांत न्यूमोनिया १६.७ टक्के आणि केलेल्यांत १५.८ टक्के निघाला. मोजमाप सोडले त्यांना उलट्या अधिक झाल्या, पण न्यूमोनियात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. त्यामुळे किरकोळ शिल्लक पाहून रुग्णाला उपाशी ठेवण्याची पद्धत आता मागे पडत आहे.

दुसरी साधी गोष्ट म्हणजे तोंडाची स्वच्छता. जो नळीने जेवतो त्याचे तोंड स्वच्छ करण्याची गरज काय, असे अनेकांना वाटते. वस्तुतः फुप्फुसात झिरपणारा थेंब तोंडातूनच जातो. पूर्वी जंतुनाशक द्रवाने तोंड पुसण्यावर भर होता. २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या १५ अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात रोज ब्रशने दात घासलेल्या रुग्णांत, विशेषतः श्वसनयंत्रावरील रुग्णांत, न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. काही रुपयांच्या ब्रशचे हे मोल आहे.

घरी परतल्यानंतर

कित्येक रुग्ण अतिदक्षता विभागातून सुटतात, पण नळीसह घरी येतात. तेथे परिचारिका नसते. सून असते, लेक असते, वृद्ध पत्नी असते. त्यांच्या हाती पिचकारी येते आणि भीतीने हात थरथरतो. अशा घरांसाठी काही गोष्टी निश्चित सांगता येतील. रुग्णालय सोडण्यापूर्वी परिचारिकेसमोर स्वतःच्या हाताने दोन-तीन वेळा आहार देऊन शिकून घ्यावे. नाकपुडीजवळ नळीवर खूण करून ठेवावी व दरवेळी ती जागेवर आहे ना, हे पाहावे. खूण सरकली असेल, तर आहार न देता डॉक्टरांना कळवावे. नळी स्वतः आत ढकलू नये. आहार नेहमी बसवून किंवा टेकून द्यावा आणि नंतर अर्धा ते एक तास तसेच ठेवावे. पिचकारीचा दट्ट्या जोराने दाबू नये. आहार सावकाश उतरू द्यावा. प्रत्येक आहारानंतर नळीतून थोडे पाणी सोडावे, म्हणजे ती तुंबत नाही. आहार देताना खोकला, धाप किंवा ओठांवर निळसर छटा दिसली, तर त्याच क्षणी थांबावे व वैद्यकीय मदत घ्यावी.

आणि एक गोष्ट प्रेमाची आहे, म्हणून अधिक कठीण आहे. रुग्णाने डोळे उघडले, तो ओळखू लागला, की घरातील कोणीतरी म्हणते, 'एक घोट चहा देऊ या.' गिळण्याची शक्ती परत आली आहे की नाही, हे तज्ज्ञांनी तपासल्याशिवाय तो घोट देऊ नये.

नळीला जे साधत नाही

शेवटी एका नाजूक बाजूचा उल्लेख केला पाहिजे. पक्षाघातानंतर गिळता न येणाऱ्या ८५९ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. लवकर नळी घातल्याने न्यूमोनिया वाढला नाही आणि मृत्यूंत ५.८ टक्क्यांची घट होत असावी असे आकडे सांगत होते, जरी ती घट संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीवर निर्विवाद ठरली नाही. परंतु जे अधिक वाचले असावेत, त्यांतील बहुतेक जण परावलंबी अवस्थेत वाचले. स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या अवस्थेत तर नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो याचा पुरावा नाही. अशा वेळी हाताने, सावकाश, जमेल तेवढे भरवणेच अधिक योग्य, असे वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ सांगतात.

तेव्हा नळी म्हणजे जीवन आणि नळी नाही म्हणजे उपासमार, इतका हा हिशेब सरळ नाही. नळी घालताना डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात : ती कशासाठी, किती दिवसांसाठी, तिची जागा कशी तपासली, आणि ती काढण्याचा विचार कधी होईल. घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतः धडधाकट असतानाच आपली इच्छा मुलांना सांगून ठेवली, तर अतिदक्षता विभागाबाहेरील बाकावर बसलेल्या त्या मुलांच्या मनावरचे ओझे निम्मे होईल.

त्या बाकावरील स्त्रीचा प्रश्न खराच होता. पोटात अन्न जाणे आवश्यकच आहे. फक्त ते अन्नाच्या वाटेने जावे आणि श्वासाची वाट मोकळी राहावी, यासाठी खाटेशी एक जागा डोळा असावा लागतो. तो डोळा परिचारिकेचा असतो, डॉक्टरांचा असतो. आणि समजून घेतले तर घरच्या माणसाचाही असू शकतो.

सर्वांना निरामय दीर्घायुष्य लाभो.